आजवा किती?

श्रावण सरता सरता इथे कुणी कुणाला
कशी आहेस म्हणून विचारत नाही.
आजवा किती? विचारतात,
घरातल्या आजाऱ्याचा ताप विचारावा तसं.
आणि काळ्या घोड्याच्या पुलाखाली?
दूधवाला सांगतो, एकोणीस फूट.
पेपरवाला, साडेएकोणीस.
हसुमतीबेन गॅलरीतून ओरडतात, वीस!
त्यांचा आकडा नेहमी गोल,
त्यांच्या रोटलीसारखा.

मी खालच्या कपाटातल्या चादरी वर चढवते,
पिण्याचं पाणी भरून ठेवते,
मेणबत्ती आणि काडेपेटी एका डब्यात,
आणि खुर्ची ओढून दाराशी बसते.
खोटं कशाला बोलू, मला मजा वाटते.
नदीकाठच्या वस्तीत रात्री खाटा उचलतात,
माहीत आहे मला.
शाळेत खिचडीची पातेली पोचवून आलो आम्ही,
एक झाकण तिथेच राहिलं.
तरी वाटते मजा.

शर्वरी चिडते फोनवर :
आई, लोक पावसाळा टाळून तिकडे जातात,
तू मुद्दाम पावसाळा गाठतेस!
सहा महिने अ‍ॅबरडीन, सहा महिने दांडिया बाजार,
हे शिक्क्यांनी ठरवलं खरं,
पण महिने मी निवडले.
प्रतापनगरच्या रेल्वे ऑफिसात
बत्तीस वर्षं रजेचे तक्ते लिहिलेत,
कुठली रजा कुठे जोडायची
ते मला नका शिकवू.

तसा पाऊस तिकडेही आहे. रोज आहे.
वाचनालयात बसल्यासारखा बोलतो,
समुद्राकडून आडवा येतो
आणि छत्री उलटी करून परत देतो.
कुणी मान वर करून बघत नाही त्याच्याकडे.
फक्त दगडी घरं ओली झाली
की त्यांच्यात अभ्रकासारखं काही लकाकतं,
तेवढ्यासाठी मी खिडकी पुसते.
बसचा ड्रायव्हर एकदा म्हणाला, ड्रीख.
म्हणजे काय? तर म्हणे,
ओलं, करडं, कंटाळवाणं,
आणि संपता न संपणारं.
एवढं सगळं एका शब्दात!
मी नीरजाला म्हटलं, अगं, रिपरिप.
दुसऱ्या दिवशी तिने चढता चढता
ड्रायव्हरलाच सांगितलं, रिपरिप.
तोही म्हणाला, रिपरिप,
र जरा जास्तच घोळवून.

हे हसुमतीबेनना सांगितलं
तर त्या बोटं मोजायला लागल्या :
फरफर, छांटा, फोरां, नेवाधार,
सांबेलाधार, हेली...
मी म्हटलं, सांबेलं म्हणजे आमचं मुसळच.
भुरभुर, सर, झड, मी पण मोजलं,
आणि चौथ्या बोटावर अडले.
बस, आटला ज?
त्या हसल्या, आणि वर
सेव-उसळीची वाटी दिली,
रस्सा काठोकाठ, पुलाखाली असतो तसा.

काल पहाटे गल्लीच्या तोंडाशी मगर आली.
फार मोठी नव्हती. सायकलीएवढी.
पानवाल्याच्या बंद गाळ्यापुढे
उधारी मागायला आल्यासारखी पडून होती.
वनखात्याची पोरं आली, गोणपाट, दोरी,
आणि साठ माणसं मोबाइल वर धरून.
मीही धरला.
फोटो नीरजाला पाठवला.
तिचा प्रश्न आला, पाऊस नसतो तेव्हा ती कुठे असते?
मी लिहिलं, इथेच. नदीत.
आपल्याला दिसत नाही एवढंच.
मग बराच वेळ मी
ते शेवटचं वाक्य बघत बसले,
आणि दूध उतू गेलं.

चादरी अजून वरच आहेत.
कपड्यांना कोंदट वास, मिठाला पाणी सुटलेलं,
पासपोर्ट तांदळाच्या डब्यात ठेवलाय
कोरडा राहावा म्हणून.

रात्री फोन वाजतो.
हॅलो नाही, कशी आहेस नाही.
तिकडच्या दुपारच्या उजेडातून
नऊ वर्षांचा आवाज विचारतो :
आजी, आजवा किती?
मी दाराबाहेर बघते, पायरी मोजते,
वीस म्हणते, गोल.
आणि तुमच्याकडे?
खिडकी उघडल्याचा आवाज येतो.
थांब हं, बघून सांगते.